हात पाठीमागे

बाईंचा हात ताराच्या खांद्यावर होता आणि दोघींच्या पिशव्या माझ्या खांद्यावर.

वाघजाईच्या सड्यावर आम्ही तिघी अशा चाललो होतो. पुढे आगाशे बाई आणि तारा मोहिते, गप्पा मारत, आणि त्यांच्या मागे मी. झाडं दाबून वाळवायची लाकडी चौकट, जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा आणि डब्यांची पिशवी असं सगळं सांभाळत मी चिखल तुडवत होते. धुकं इतकं की पुढच्या दोन पाठीही मधूनच पुसल्या जात. दिसत राहायचा तो बाईंचा हात. पांढऱ्या पोलक्याची बाही आणि ताराच्या खांद्यावर विसावलेली ती बोटं.

"अनसूया, मागे पडू नकोस," बाई वळून न बघता म्हणाल्या.

"नाही बाई."

"अगं, एक पिशवी दे की मला," तारा म्हणाली.

"राहू दे. तू बाईंना सांभाळ."

हे मी टोमण्यानं म्हटलं होतं. तारा हसली. तिला टोमणे लागायचे नाहीत, आणि त्याचाही मला राग यायचा.

माझं नाव अनसूया. ज्यांनी ते ठेवलं त्यांचा अंदाज पार चुकला. लहानपणी मला बहिणीच्या रिबिनींचा हेवा वाटायचा, शाळेत पहिल्या बाकाचा, आणि तेविसाव्या वर्षी वाटत होता तो ताराच्या डाव्या खांद्याचा. बाईंचा हात माझ्या खांद्यावर कधी आला नव्हता. पाठीवर शाबासकीची थाप म्हणाल तर, ती पुष्कळदा मिळाली होती. पण थाप देऊन हात परत जातो.

आगाशे बाई साताऱ्याला आमच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत. लग्न केलं नव्हतं, माणसांत फारशा मिसळत नव्हत्या. त्यांचा जीव होता गेंदांवर. गेंद म्हणजे सड्यावरच्या पाणथळीत उगवणारं बोटभर झाड. बुडाशी पानांचा चपटा झुपका, मधून काडीसारखा देठ आणि टोकाला सदऱ्याच्या बटणाएवढी पांढरी फुलांची गोंडी. येणाऱ्याजाणाऱ्याला सगळे गेंद सारखेच. बाईंना मात्र त्यांच्यातल्या जाती वेगळ्या दिसत, कुणाच्या बीवर रेघा, कुणाच्या पाकळीच्या टोकाला काळा ठिपका. चाळीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं. एक कपाट भरून वाळवलेले नमुने होते. पुढच्या वर्षी त्या निवृत्त होणार होत्या. त्यांच्या जागी कॉलेज कुणाला घेणार ते बाई सांगतील तसं ठरणार होतं, आणि जिला जागा तिला ते कपाटही. तारा की मी, एवढाच प्रश्न होता. बाईंनी तो कधी उच्चारला नाही. आम्ही दोघीही नाही. पण एका खोलीत राहून, एकाच ताटातली चटणी खाऊन, मी रोज झोपताना तोच प्रश्न उशाशी घेऊन झोपत होते.

तारा कराडकडची, शेतकऱ्याची मुलगी. मोकळी, गोरीगोमटी, कुणाशीही दोन मिनिटांत गट्टी करणारी. अभ्यासात माझ्या मागे. नावं ती विसरायची, बियांच्या रेघा तिला धड दिसायच्या नाहीत. मग बाई तिच्यात काय बघतात? हे मला काही केल्या उमगत नव्हतं.

विश्रामगृहात सामान टाकून आम्ही कामाला लागलो. सडा म्हणजे सगळा कातळ. वर माती वीतभरसुद्धा नाही. पावसाचं पाणी खाली मुरत नाही आणि धड वाहूनही जात नाही, नुसतं साचून राहतं, शेवाळात, गवताच्या मुळांत. पाय टाकला की खालून पचकन वर येतं. अशा जागी एरवी काही उगवू नये. पण भाद्रपदात तिथं पाय ठेवायला जागा नसते. सीतेची आसवं निळीजांभळी पसरलेली, मध्ये तेरड्याचे गुलाबी पट्टे, डबक्यांत कुमुदिनीची लव असलेली पांढरी फुलं. आणि जिथं काहीच नाही असं वाटतं तिथं वाकून बघितलं की लालचुटूक दवबिंदू. पानावरच्या केसांना चिकट थेंब आणि थेंबाला चिकटलेला एखादा डास.

"इथल्या मातीत कस नाही," बाई सांगायच्या. "म्हणून ही झाडं किडे धरतात. त्यांना नावं ठेवू नका, ती भुकेली आहेत."

वनखात्यानं सडा राखीव करून नुकतीच पाटी लावली होती. पण बाईंचा नियम पाटीच्या कितीतरी आधीचा. नवीन काही दिसलं की आधी दोन्ही हात पाठीमागे बांधायचे. मग मोजायचं. आसपास वीस झाडं भरली तर एक घ्यायचं. वीस भरली नाहीत तर हात पाठीमागेच ठेवून घरी यायचं, मग ते झाड सोन्याचं का असेना. या नियमापायी बाईंनी काय काय सोडलं होतं, त्याच्या गोष्टी विद्यार्थी एकमेकांना सांगत. कारण झाडाला नवीन नाव द्यायचं तर नुसतं बघून भागत नाही. वाळवलेला नमुना पुढे ठेवावा लागतो. नमुना नाही तर नावही नाही.

त्या दुपारी बाई कड्याजवळ एका दगडावर बसल्या आणि तारा त्यांच्यापाशी. मी फणकाऱ्यानं एकटीच लांब निघाले. दोन फाकी झालेल्या एका मोठ्या खडकाच्या आडोशाला दवबिंदूचा एक लाल पट्टा होता. त्याच्यापलीकडे परातीएवढं डबकं. आणि त्या डबक्याच्या काठाशी गेंद उभे होते.

गोंडी पांढरी नव्हती. काळपट होती, शिजवलेल्या काळ्या वाटाण्यासारखी, आणि कडेनं चंदेरी केसांची झालर. मी चिखलात गुडघे टेकले. बाईंच्या कपाटातला एकूणएक नमुना मला पाठ होता. असला गेंद त्यात नव्हता.

माझे हात पाठीमागे गेले. मोजलं. अकरा. मग आसपासची सगळी डबकी पालथी घातली, कातळाच्या भेगा बघितल्या, साडीचा ओचा भिजून जड झाला. अकराच.

तोडला नाही. हे मी आजही ताठ मानेनं सांगते. मी धावत बाईंकडे निघाले, पण मध्येच धुकं असं उतरलं की कड्याजवळ पोचेपर्यंत ताराच्या हाका ऐकत अंदाजानं चालावं लागलं. परत डबक्याकडे जाणं शक्यच नव्हतं.

संध्याकाळी विश्रामगृहात पिठलं-भात खाताना मी सगळं सांगितलं. अगदी रंगवून सांगितलं. फुटका खडक, लाल पट्टा, डबकं, सगळं. सांगताना अर्धं लक्ष ताराच्या चेहऱ्याकडे होतं. तिचा चेहरा पडावा अशी माझी फार इच्छा होती. पण तिनं भात तसाच टाकून मला मिठी मारली.

"अनू! अगं, खरंच नवीन? बाई, ऐकलंत ना?"

बाई जेवायच्या थांबल्या होत्या.

"केस चंदेरी म्हणालीस," त्या म्हणाल्या. "कडेला की टोकाला?"

"कडेला, बाई."

"पानं?"

"बारीक. बुडाशी पांढरट."

"किती आहेत?"

"अकरा."

बाईंनी ताट बाजूला सारलं. "मग हात पाठीमागे," त्या म्हणाल्या. "उद्या बघू."

एवढंच. शाबासकीची थापही नाही. त्यांनी भिंगाची पितळी डबी काढली, उघडली, मिटली, पुन्हा उघडली. मग ताराला म्हणाल्या, "मला जरा खोलीपर्यंत सोड गं." दहा पावलांवर खोली! मला वाटलं, बघा, माझ्या आयुष्यातला एवढा मोठा दिवस, आणि खांदा लागतो तो ताराचाच. मी भिंतीकडे तोंड करून झोपले. तारानं दोनदा हाक मारली, मी झोपेचं सोंग घेतलं. सोंग घेता घेता खरीच झोप लागली.

सकाळी बऱ्यापैकी उघडलं होतं. मी सगळ्यांच्या पुढे. या वेळी पिशव्याही घेतल्या नाहीत. फुटका खडक आला, लाल पट्टा आला, आणि मी डबक्याशी वाकून बाईंना म्हटलं, "हे बघा!"

आणि सवयीनं मोजले. दहा.

पुन्हा मोजले. दहाच. काठाच्या चिखलात बोटभर भोक होतं आणि त्यात पाणी साचलं होतं. एक झाड मुळासकट उपटलं होतं, आणि तेही नुकतंच, कारण भोकाच्या कडा अजून ढासळल्या नव्हत्या.

मी उभी राहिले. ताराच्या साडीचा काठ ओला होता. आम्ही पायवाटेनं आलो होतो, माझा कोरडा होता. मग मी तिच्या हातांकडे बघितलं. तिनं ते पदरात घेतले.

"तू आली होतीस इथं," मी म्हटलं.

तारानं पदर हातांवर आणखी ओढून घेतला.

"बोल ना! सकाळी उठले तेव्हा तुझं अंथरूण रिकामं होतं. कुठे गेली होतीस?"

"अनसूया," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज घोगरा होता.

"नाही बाई, आज मला बोलू द्या! मी शोधला तो गेंद. मला नाही का तोडता येत होता? कोण बघणार होतं? पण मी तुमचं ऐकलं. आणि हिनं... हिला सगळं आयतं लागतं. तुमचा हातही आयता, गेंदही आयता!"

बाईंनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात तारानं त्यांचा हात धरला आणि घट्ट दाबला. मी ते बघितलं. मला वाटलं, गयावया करतेय.

"मीच घेतला," तारा म्हणाली. "राहावलं नाही. चुकलं माझं."

"कुठाय तो?"

"धुक्यात हरवला. पिशवीतून पडला कुठंतरी."

"हरवला! म्हणजे ना तुला ना मला!"

"तसंच धर."

बाई डबक्याकडे तोंड करून उभ्या होत्या. वाकल्या नाहीत, त्या दहा झाडांकडे बघितलंही नाही. थोड्या वेळानं म्हणाल्या, "चला. ऊन चढेल." आणि सवयीनं हात उचलला, तो ताराच्या खांद्याकडे. तारा चटकन पुढे झाली. मला वाटलं, एवढं होऊनही? आणि मला रडूच कोसळलं.

पुढचं थोडक्यात सांगते. तारानं कॉलेज सोडलं आणि फलटणला मुलींच्या शाळेत नोकरी धरली. जाताना मला भेटायला आली होती, मी दार उघडलं नाही. बाईंच्या जागी मी लागले. कपाट माझ्याकडे आलं. बाईंनी किल्ली हातात ठेवली तेव्हाही पाठीवर थाप नव्हती, नुसतं म्हणाल्या, "तू नीट सांभाळशील. तुला मोजता येतं." पुढच्या भाद्रपदात सड्यावर गेले तर तिथं गेंद नव्हता. अकरा नाहीत, दहा नाहीत, एकही नाही. त्यानंतर जवळजवळ दर वर्षी गेले. सड्याला कुंपण आलं, तिकीट आलं, फुलं बघायला गाड्यांच्या रांगा लागायला लागल्या. फुटका खडक आहे, लाल पट्टा आहे, डबकं आहे. तो काळा गेंद पुन्हा दिसला नाही. म्हणजे तो होता, हे मी कुणाला पटवून देऊ शकत नाही. दर वर्षी डबक्याशी उभी राहून मी ताराला शिव्या घालायचे, आणि मला हलकं वाटायचं.

निवृत्तीनंतर बाईंची दृष्टी गेली. काचबिंदू होता. मी दर रविवारी जात होते, वाचून दाखवत होते. तारा कधी आली तर मी नसताना येत असणार, कारण कधीकधी त्यांच्या टेबलावर फलटणची चिक्की असे. मी ती खाल्ली नाही.

मागच्या वर्षी बाई गेल्या. भाचीनं मला बोलावून भिंगाची पितळी डबी हातात ठेवली. "मावशी सारखी सांगायची, ही अनसूयेची."

भिंग होतं. त्याच्याखाली धोतराच्या मऊ तुकड्यात गुंडाळलेला एक गेंद होता. गेंद वाळला तरी चुरत नाही, रंग तेवढा उडतो. काळपट गोंडी करडी झाली होती. कडेची चंदेरी झालर जशीच्या तशी होती.

दुसऱ्या दिवशी मी फलटणची एसटी धरली.

तारा अंगणात पापड वाळत घालत होती. केस सगळे पांढरे, अंगानं सुटलेली. मला बघून पिठाचे हात तसेच घेऊन पुढे आली, मग काय वाटलं कोण जाणे, थांबली.

"अनू? ये की. बस. बाईंचं कळलं मला."

मी बसले नाही. डबी तळहातावर ठेवून झाकण उघडलं.

तारानं आत बघितलं. पदरानं हात पुसले आणि पायरीवर टेकली.

"ठेवला होता होय त्यांनी," ती म्हणाली.

"तारा, हा हरवला होता ना?"

"आता काय विचारतेस? डबी त्यांची आहे, तुला कळलं नाही का?"

"मला तुझ्या तोंडून ऐकायचंय."

"पहाटे उठवलं मला बाईंनी. म्हणाल्या, मला तिथं घेऊन चल. तू संध्याकाळी जागा सांगितलीस ना, फुटका खडक आणि सगळं. हात धरून नेलं मी. त्यांना तेव्हाच धड दिसत नव्हतं, अनू. समोरचं दिसायचं, पायाखालचं नाही."

"तुला माहीत होतं?"

"वर्षभर आधीपासून. कॉलेजला कळलं असतं तर घरी बसवलं असतं. म्हणून तर खांदा लागायचा त्यांना माझा."

खांदा! मी डबी दोन्ही हातांनी धरली.

"वाकून बघवेना त्यांना," तारा सांगत होती. "चिखलात पालथ्या पडल्या तरी दिसेना. मग बोटांनी चाचपडत एक उपटला, आणि खडकावर बसून भिंगाखाली धरला. उजाडेपर्यंत तशाच बसून होत्या. परतल्यावर मीच त्यांची साडी बदलून दिली."

"रडत होत्या?"

"छे गं. चिडल्या होत्या. तुझ्यावर."

"माझ्यावर? मी काय केलं?"

"तुला दिसला म्हणून! म्हणाल्या, चाळीस वर्षं मी हा सडा गुडघ्यांनी तुडवला, तेव्हा हा मेला माझ्यापासून लपून बसला, आणि त्या पोरीला उभ्याउभ्या सापडला. मी हसले तर माझ्यावर ओरडल्या. मग म्हणाल्या, अनसूयेला सांगू नकोस. तिच्यासमोर मला मान खाली घालायला लावू नकोस."

बाईंना माझा हेवा वाटला होता. ज्यांच्या एका हातासाठी मी जन्मभर झुरले त्यांना. मला हसावं की काय करावं ते कळेना. ऊन पापडांवर आलं होतं, आणि तारा एकेक पापड उलटत बोलत होती. नोकरी गेली, कपाट गेलं, त्याबद्दल तिनं अवाक्षर काढलं नाही. माझ्या मनात मात्र एकच गोष्ट घर करून बसली. त्या पहाटे खोलीत दोन अंथरुणं होती. एकावर मी होते. गेंद माझा होता, जागा मला ठाऊक होती.

"मग मला का नाही उठवलं?" मी विचारलं.

"काय?"

"बाईंनी. मला का नाही उठवलं? मी नेलं असतं. मी हात धरला असता त्यांचा."

तारानं माझ्याकडे वर बघितलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, आणि ते मला या वयातही सहन झालं नाही.

"तू मोजलं असतंस गं," ती म्हणाली.

शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली. ताराची सून दारात येऊन चहाचं विचारून गेली. तारा गुडघ्यावर हात टेकून उठली, पदरानं पुन्हा एकदा हात नीट पुसले आणि माझ्यापुढे तळवा पसरला.

"दे बघू इकडे. त्या दिवशी उजेड नव्हता, मी तर तो धड बघितलाच नाही."

माझा हात डबीसकट पाठीमागे गेला.